बेळगावात रूमवर राहतो. पाकीटबंद खाणं घेताना नेमकं काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की चंदगडहून शिकायला आलाय, टिळकवाडीत रूम आहे, रात्रीच्या मेसचा भरवसा नाही, त्यामुळे बिस्किटं, नूडल्स आणि खोक्यातला रस यांवरच बरेचदा भागवता. आणि 'हेल्दी' लिहिलेलं महागडं घेऊन काही फरक पडतो का, असं विचारलंय. माझं इथेच बेळगावच्या शहापुरात किराणा दुकान आहे. हे सगळं मी विकतोच, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूनं सांगतो: पाकिटाची पुढची बाजू बघून पैसे देऊ नका. पाकीट उलटं करा.

मागे बारीक अक्षरात 'इन्ग्रेडियंट्स' असतं. मजकूर इंग्रजीत नाहीतर हिंदीत असतो, काहींवर कानडीही असतं, पण शोधायचे शब्द मोजकेच आहेत. कायद्यानं हे घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. जे जास्त ते आधी. आत्ता नाचणी बिस्किटाचा एक पुडा हातात घेतलाय. पुढे नाचणीची कणसं, हिरवं शेत. मागे पहिलं नाव 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर', म्हणजे चक्क मैदा. मग साखर, मग पामतेल, आणि चौथ्या नंबरला नाचणी, कंसात सहा टक्के. शंभर ग्रॅममध्ये सहा ग्रॅम! तुमच्या आईच्या एका भाकरीच्या पासंगालाही ती पुरायची नाही. पुढे एखाद्या घटकाचा गाजावाजा केला असेल, तर मागे त्याची टक्केवारी शोधायचीच. 'मल्टिग्रेन'चंही तेच: धान्यं पाच असतील, पण त्यातली चार चिमूटभर असू शकतात. तुम्हाला हवा तो शब्द 'होल व्हीट' किंवा 'आटा', आणि तो यादीत पहिला हवा.

साखर एकाच नावानं येत नाही. 'लिक्विड ग्लुकोज', 'इन्व्हर्ट सिरप', 'डेक्स्ट्रोज' ही सगळी तिचीच भावंडं. वेगवेगळी लिहिली की प्रत्येकाचा नंबर खाली जातो आणि यादी सोज्वळ दिसते. म्हणून यादी झाली की खालच्या तक्त्यात 'अॅडेड शुगर'चा एकत्र आकडा बघा.

तक्ता वाचताना एक गोम आहे. कंपनी 'पर सर्व्ह'चा आकडाही देते, आणि त्यांचं एक 'सर्व्ह' म्हणजे दोन-तीन बिस्किटं. दोन बिस्किटांवर थांबणारा गिऱ्हाईक मी तरी पाहिला नाही. म्हणून 'पर १०० ग्रॅम'चा रकाना धरा आणि पाकिटाच्या वजनानं हिशेब करा. तक्त्यात रोजच्या गरजेच्या किती टक्के तेही लिहिलेलं असतं, त्यामागे दिवसाला २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम फॅट, त्यातलं सॅच्युरेटेड २२ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम असा हिशेब असतो.

नूडल्समध्ये लोक मैद्याला शिव्या घालतात, पण मला काळजी मिठाची वाटते. समजा १०० ग्रॅमला १२०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय आणि पाकीट ७० ग्रॅमचं आहे. म्हणजे पाकिटात ८४०. त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं: २१००, म्हणजे दोन ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. तुम्ही रात्री दोन पाकिटं करता, वर लोणचं घेता, मग काय उरलं? मसाल्याची पुडी अर्धीच घाला, अंडं फोडा, मूठभर भाजी टाका. विद्यार्थ्याला नूडल्स खाऊच नका म्हणण्यात काही अर्थ नाही.

खोक्यातल्या रसाबद्दल माझं मत कडक आहे: पैसे वाया. केंद्राच्या अन्न सुरक्षा खात्यानं जून २०२४ मध्ये कंपन्यांना '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढायला लावला, कारण तो बहुतेकदा आटवलेल्या रसात पाणी मिसळून केलेला असतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की दुधात घालायच्या पावडरी 'हेल्थ ड्रिंक' म्हणून दाखवू नका. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. त्यापेक्षा पेरू घ्या, केळी घ्या.

पुढच्या बाजूचं सगळंच थोतांड असतं असंही नाही. 'हाय फायबर' लिहायचं तर १०० ग्रॅमला निदान ६ ग्रॅम फायबर हवं, असा नियम आहे. घटकांच्या यादीत काही पदार्थ नुसत्या आकड्यांनी लिहिलेले असतात, ते बघूनही दचकू नका. ३३० म्हणजे लिंबातलं आम्ल, ५०० म्हणजे खायचा सोडा, ३२२ म्हणजे सोयाबीनमध्ये, अंड्यातही असणारं लेसिथिन. व्हॉट्सअॅपवर या आकड्यांवरून जे काय फिरतं, ते बघून हसू येतं.

आता बेकरीतली सुटी खारी आणि बटर. तिथे वाचायला लेबलच नसतं. ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारी घातक चरबी, तेल-तुपात दोन टक्क्यांच्या आत हवं हा नियम जानेवारी २०२२ पासून आहे, पण खारीचे पापुद्रे डालडा, मार्गारिन नाहीतर लोणी भरपूर घातल्यावरच सुटतात. रोज चहाबरोबर नको, एवढंच सांगेन. कुंद्याचं मात्र लेबल वाचू नका. खवा आणि साखर आहे हे सगळ्यांना माहीत आहे, सणाला खा आणि मोकळे व्हा.

तुमच्यासाठी खरी सोय म्हणजे कडक भाकरी. घरोघरच्या बायका आणि बचत गट करतात, जोंधळ्याची, सज्ज्याची म्हणजे बाजरीची, तीळ लावलेली. पाकीट उलटं केलं की जोंधळा आणि मीठ, संपली यादी. सोबत शेंगाचटणी आणि दही घेतलं की रात्रीचं जेवण झालं. चटणीच्या पुडीवरही शेंगदाणे पहिले असले पाहिजेत. भूक लागली तर रविवार पेठेत फुटाणे, शेंगदाणे सुटे मिळतात. खारट नको, साधे मागा.

घरगुती मालावरही अन्न सुरक्षा खात्याचा (FSSAI) चौदा आकडी परवाना नंबर बघा. छोट्या नोंदणीचा नंबर २ ने सुरू होतो, मोठ्या परवान्याचा १ ने. राज्याच्या परवान्यात पुढचे दोन आकडे राज्याचे, १२ कर्नाटक, १५ महाराष्ट्र. (म्हणजे आपला सीमाप्रश्न फरसाणाच्या पुडीपर्यंत पोचलाय, घ्या!) 'बेस्ट बिफोर' उलटलं तर चव उतरलेली असू शकते, 'एक्स्पायरी' उलटलेलं मात्र फुकट दिलं तरी घेऊ नका. कडक भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात इथे लगेच सादळते. सादळली तर तव्यावर मंद शेका, परत कुरकुरीत होते.