ऑर्केस्ट्रा बारचा परवाना आणि वस्तीचा हक्क

प्रश्न : पंचवटीतील आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावरील परमिट रूममध्ये आता ऑर्केस्ट्रा सुरू होणार असल्याचे समजले आहे. जवळच मुलांची शाळा आणि एक मंदिर आहे. शाळेपासून १ किलोमीटरच्या आत असा बार चालवता येत नाही, असे काही जण सांगतात. महापालिकेने महासभेत ठराव केला की तो बंदच होईल, असे दुसरे सांगतात. आम्ही सह्यांची मोहीम सुरू केली आहे. निवेदनात नेमके काय लिहावे? (वसाहतीतील महिला मंडळाच्या सदस्या)

उत्तर : ताई, तुम्ही ऐकलेल्या दोन्ही गोष्टींवर निवेदन उभे केले, तर ते टिकणार नाही. १ किलोमीटरची अट खरोखरच होती. हॉटेले, उपाहारगृहे आणि बारमधील अश्लील नृत्याला प्रतिबंध करणारा आणि तेथे काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे रक्षण करणारा कायदा राज्याने २०१६ साली केला. त्याखालील अटींनुसार शैक्षणिक आणि धार्मिक स्थळांपासून १ किलोमीटरच्या आत डान्स बारला परवाना मिळत नव्हता. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली, कारण मुंबईसारख्या शहरात ती कोणालाही पाळता येण्यासारखी नव्हती. आपल्या पंचवटीत तर पावलापावलावर देऊळ आहे, त्यामुळे येथे ही अट लावणे म्हणजे बंदी घालण्यासारखेच झाले असते. वाजवी आणि पाळता येईल असे अंतर ठरवण्याची मुभा मात्र न्यायालयाने सरकारला ठेवली आहे, आणि मला वाटते की नागरिकांनी आग्रह धरायचा असेल, तर तो या वाजवी अंतरासाठी धरावा.

महासभेच्या ठरावाने करमणुकीचा परवाना थांबत नाही. असा परवाना महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली दिला जातो, आणि शहरात त्यासाठी पोलीस आयुक्तालयाकडे जावे लागते. मद्याची अनुज्ञप्ती राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अखत्यारीत येते. महापालिकेच्या हाती बांधकामाची परवानगी, अग्निशमन दलाचा दाखला आणि वाहनतळाची जागा या बाबी आहेत. त्या दिसायला किरकोळ असल्या, तरी तळघरात किंवा मंजूर नकाशात नसलेल्या गच्चीवर ऑर्केस्ट्रा चालत असेल, तर सर्वांत लवकर कारवाई याच मार्गाने होऊ शकते.

मद्याच्या अनुज्ञप्तीविरुद्ध मात्र तुमच्या हातात एक खरे साधन आहे, ते म्हणजे आपल्याकडे ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या नावाने ओळखले जाणारे मतदान. गावातील किंवा प्रभागातील एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणांनी सह्यांनिशी मागणी केली की पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. तुमच्या परमिट रूमची अनुज्ञप्ती कोणत्या प्रकारची आहे आणि तिला ही तरतूद लागू पडते का, हे उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या आणि त्यानंतरच सह्या गोळा करा, नाहीतर मोहिमेचे श्रम वाया जातील.

आता निवेदनातील मजकुराविषयी. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका बैठकीला उपस्थित होते. तासभर संस्कृती, तीर्थक्षेत्र आणि पुढच्या पिढीवर भाषणे झाली, पण समोरच्या अधिकाऱ्याने वहीत एक ओळही लिहून घेतली नाही. शेवटी एका आजींनी दोन महिन्यांची टिपण काढली. तिच्यात रात्री किती वाजता आवाज थांबला, कोणत्या दिवशी रस्त्यात दुचाक्या आडव्या लावलेल्या होत्या आणि कोणत्या रात्री मारामारी झाली, हे तारखेनिशी लिहिलेले होते, आणि अधिकाऱ्याने पेन उचलले ते तेव्हा. तुमचे निवेदन या टिपणासारखे असावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आवाज त्याहून वाढला की ११२ वर तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. तेथे काम करणाऱ्या स्त्रियांच्या चारित्र्याविषयी मात्र निवेदनात एक शब्दही नको, कारण वस्तीला होणाऱ्या त्रासाशी त्याचा काही संबंध नाही.

प्रश्न : २००५ साली सरकारने डान्स बार बंद केले, तेव्हा सर्वसामान्यांनी त्या निर्णयाचे स्वागत केले होते. लोकांनी निवडून दिलेल्या विधिमंडळाने केलेला कायदा न्यायालये पुन्हा पुन्हा का अडवतात? (सेवानिवृत्त शिक्षक, गंगापूर रोड)

उत्तर : सर, ज्या घरांतला पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच बारमध्ये उधळला जात होता, त्या घरांतील स्त्रियांनी बंदीचे स्वागत केले, आणि त्यांचे दुःख खोटे नव्हते. अडचण कायद्याच्या रचनेत होती. आर. आर. पाटील गृहखाते सांभाळत असताना पोलीस अधिनियमात ३३अ आणि ३३ब ही कलमे घालण्यात आली. पहिल्या कलमाने परमिट रूम, बिअर बार आणि उपाहारगृहांतील नृत्यावर बंदी आली, तर दुसऱ्याने तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांना आणि जिमखान्यांसारख्या ठिकाणांना सूट मिळाली. जे नृत्य साध्या बारमध्ये स्त्रीच्या प्रतिष्ठेला बाधा आणते, ते महागड्या हॉटेलात आणत नाही, हे कोणत्या तर्काने सिद्ध करायचे? १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली, आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. बंदीमुळे रोजगार गेलेल्या अनेक स्त्रियांना पोटासाठी देहविक्रयाकडे वळावे लागले, म्हणजे ज्यांचे रक्षण करायचे होते त्यांचेच नुकसान झाले, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने घेतली.

२०१४ साली सूट काढून टाकून बंदी पुन्हा आणण्यात आली आणि २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तिला स्थगिती मिळाली. न्यायालयाने सगळेच अडवले, असे मात्र नाही. २०१९ च्या निकालात अश्लील नृत्याची व्याख्या कायम राहिली, सायंकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळ कायम राहिली आणि पैसे उधळण्यावरील मनाईही कायम राहिली. बक्षीस हातात देण्यास मात्र हरकत नाही. आतील कॅमेऱ्यांची सक्ती खासगीपणाच्या मुद्द्यावर रद्द झाली. तुम्ही आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. हा निकाल त्याच नजरेने वाचून पाहा, म्हणजे कोणत्या अटीला गुण मिळाले आणि कोणत्या अटीला नाहीत, यामागचा विचार तुमच्या लक्षात येईल.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो. तेथे असे व्यवसाय मोकळेपणाने चालतात आणि कायदा मध्ये येत नाही, असे तो सांगतो. हे खरे आहे का? (वाचक, सिडको)

उत्तर : पूर्ण खरे नाही. डेट्रॉइट शहराने असे व्यवसाय एकमेकांपासून १००० फुटांच्या आत एकवटू नयेत असा नियम केला होता, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली तो मान्य केला. वॉशिंग्टन राज्यातील रेंटन शहराने प्रौढांसाठीच्या चित्रपटगृहांना घरे, चर्च, उद्याने आणि शाळांपासून १००० फूट दूर ठेवले; तो नियमही १९८६ साली मान्य झाला. परिसरातील गुन्हे, घरांच्या किमती आणि वस्तीचे स्वास्थ्य यांवर होणारा परिणाम हा त्या नियमाचा आधार होता, आणि नियम पाळूनही व्यवसायासाठी शहरात जागा शिल्लक राहते, हे न्यायालयाने तपासले होते. १००० फूट म्हणजे सुमारे ३०५ मीटर. आपल्या १ किलोमीटरच्या अटीशी याची तुलना केली की आपली अट का टिकली नाही, हे कळते.

प्रश्न : मी सात वर्षे ऑर्केस्ट्रात गाणी म्हणते. छापा पडला की ग्राहक निघून जातात आणि आम्हालाच तोंडावर ओढणी घेऊन उभे राहावे लागते. आमच्यासाठी कायद्यात काही आहे का? (गायिका, सातपूर)

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. या सगळ्या वादात सर्वांत कमी विचारले जाते ते तुम्हाला, आणि याचे मला वाईट वाटते. कायद्यात तुमच्यासाठी निश्चित तरतुदी आहेत. मंचावर चारच स्त्रिया आणि चारच पुरुष असावेत, ही परवान्यातील अट सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२२ रोजी रद्द केली. आठ कलाकारांच्या मर्यादेत किती स्त्रिया असाव्यात, हे आता पोलीस ठरवू शकत नाहीत. ऑर्केस्ट्रात गाणे हा गुन्हा नाही. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही, आणि अपवाद असला तरी महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाल्यास २०१३ चा कायदा तुम्हालाही लागू आहे. तुमच्याकडे दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी अर्ज करता येतो. मालकाशी लेखी करार करा, मानधन बँकेच्या खात्यातच घ्या आणि कराराची एक प्रत घरी ठेवा. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पहिल्या भेटीला जाताना आधार कार्ड आणि करार सोबत न्या, आणि एकटीला संकोच वाटत असेल, तर तुमच्या दोन सहकाऱ्यांनाही घेऊन जा.