ग्रीक फौजा कापणीच्या तोंडावरच का निघत?

प्रश्न : आपल्याकडे पाऊस सरून दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की फौजा बाहेर पडत. ग्रीक मात्र उन्हाळा लागताना, शेतात पीक उभं असताना स्वारीवर निघत. असं का? आणि शत्रूने ऑलिव्हच्या बागा तोडल्या की शेती कायमची बुडत असे का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : तिथला पाऊस हिवाळ्यातला. गहू-जव ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचे, मे-जूनमध्ये कापायचे. शत्रूचं वर्षभराचं धान्य उघड्यावर सापडतं ते तेवढ्याच दिवसांत, आणि स्वारीवरच्या फौजेचं पोटही त्यावरच भरतं.

पण वेळ साधणं अवघड. हिरवं पीक पेटत नाही, खाताही येत नाही. ओंब्या कडक वाळल्या की ठिणगी पुरते, पण तोवर मालक कापून कोटाच्या आत नेतो. त्यात जव गव्हाच्या आधी पिकतो, म्हणजे एक शेत पिवळं तर शेजारचं हिरवंच. अथेन्स-स्पार्टा युद्धात, इ.स.पू. ४२५ मध्ये, स्पार्टाची फौज अ‍ॅटिकात (अथेन्सभोवतालच्या मुलखात) लवकर घुसली. धान्य कच्चं, शिधा अपुरा, त्यात स्पार्टाच्याच मुलखातल्या पायलॉसला अथेन्सचं सैन्य उतरल्याची बातमी. पंधरा दिवसांत परतावं लागलं. सर्वांत लांबलेली स्वारी ४३० ची, तीही चाळीसेक दिवसांचीच. शिवाय येणारेही शेतकरीच. ४२८ मध्ये स्पार्टाने दुसऱ्यांदा बोलावलं, तेव्हा दोस्त राज्यांची माणसं आपापल्या कापणीत अडकलेली होती, रेंगाळत आली.

ऑलिव्हचं लाकूड चिवट, बुंधा जाड. ओलं झाड नुसत्या मशालीने पेटत नाही, बुंध्याशी सुकं सरपण रचावं लागतं. हजारो झाडांना एवढा वेळ कुणाकडे? आणि तोडलं तरी बुडख्यातून कोंब येतात. इराण्यांनी ४८० मध्ये अथेन्सचा टेकडीवरचा गड अ‍ॅक्रोपोलिस जाळल्यावर तिथल्या ऑलिव्हला दुसऱ्याच दिवशी हातभर कोंब फुटला, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. दुसरा दिवस सोडून देऊ, पण कोंब फुटतो हे खरं. भरघोस फळ धरायला मात्र बरीच वर्षं जातात.

त्यामुळे नासधूस हा बराचसा डिवचण्याचा डाव होता, असं आमचं मत. ४३१ मध्ये स्पार्टाचा राजा आर्किडामस याने अथेन्सजवळच्या अखार्नाईला तळ टाकला तो याच हिशेबाने. अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने सैन्य लढाईला बाहेर काढलं नाही. अथेन्सच्या पिरेअस बंदरात जहाजांनी धान्य येतच होतं.

खरी शेती मोडली ती ४१३ नंतर. स्पार्टाने अथेन्सच्या मुलखातच, डेकेलियाला, बारमाही ठाणं बसवलं, शेतावर जाणंच थांबलं आणि वीस हजारांहून अधिक गुलाम पळाले. तरी अथेन्स शरण आलं ते ४०४ मध्ये, आरमार गमावून काळ्या समुद्राकडचं धान्य बंद झाल्यावर.