वाचकांचे प्रश्न : तेल-गॅसच्या कायद्यात आयुष्य काढता येतं का?

प्रश्न : वकीलकाका नमस्कार, मी गुहागर तालुक्यातली, रत्नागिरीला एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला ऑइल अँड गॅस लॉमध्येच करिअर करायचंय. बाबांचं म्हणणं, एन्रॉन गेला, रिफायनरी आलीच नाही, आणि पुढे सगळ्या गाड्या बॅटरीवर चालणार, त्यात तू काय खाणार? तीस वर्षं टिकेल असं काम आहे का हे? आणि त्यासाठी कोकण सोडायलाच लागेल का?

उत्तर : बाबांचं चुकत नाहीये, पण ते प्रकल्पाकडे बघतायत आणि तू वकिलीबद्दल विचारतेयस. प्रकल्प बंद पडला की इंजिनियर दुसरीकडे जातो, वकिलाचं काम मात्र तिथून सुरू होतं. एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाचंच बघ ना, वीजखरेदीचा करार 1993 चा, वीज सुरू झाली 1999 ला आणि 2001 ला बंद, म्हणजे जेमतेम दोन वर्षं. पण त्यावरनं सरकारची हमी, बँकांची कर्जं, परदेशातल्या लवादाच्या (कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचांपुढच्या) केसेस हे पुढे कितीतरी वर्षं चाललं, 2005 ला तो प्रकल्प चालवायला रत्नागिरी गॅस कंपनी झाली, 2013 ला एलएनजी टर्मिनल (जहाजातनं द्रवरूप गॅस उतरवायचा धक्का) सुरू झालं, आणि ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, अर्धवट म्हणून ते पावसाळ्यात बंद ठेवायला लागायचं, त्यामुळे जहाज कधी येणार, नाही आलं तर पैसे कोण भरणार, हे सगळं परत करारातच.

आता कायदा म्हणशील तर एकच पुस्तक असं नाहीये. विहिरी आणि लीजसाठी 1948 चा ऑइलफिल्ड्स अ‍ॅक्ट (2025 ला त्यात मोठी दुरुस्ती झाली, ती आधी वाच), समुद्रासाठी 1976 चा सागरी हद्दीचा कायदा, पाइपलाइनचं भाडं आणि शहरातला गॅस यासाठी 2006 चा पीएनजीआरबीचा, म्हणजे पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक बोर्डाचा कायदा. त्या बोर्डाच्या ऑर्डरवर अपील दिल्लीला वीज क्षेत्राच्या अपील न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अ‍ॅपटेलकडे जातं.

पण तुझ्यासारख्या कोकणातल्या मुलीने सगळ्यात आधी पाठ करावा तो 1962 चा पाइपलाइनचा कायदा, ज्याच्याकडे मुंबईच्या मोठ्या फर्मवाले सहसा ढुंकून बघत नाहीत. यात जमीन घेत नाहीत, फक्त खालून पाइप न्यायचा हक्क घेतात, सातबारा तुमच्याच नावावर राहतो. ऐकायला बरं वाटतं, पण त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचं नाही. म्हणजे आंब्याची नवी कलमं विसरा. त्या हक्काची भरपाई बाजारभावाच्या 10 टक्के, पिकाचं-झाडांचं नुकसान वेगळं. हरकत घ्यायला नोटिफिकेशनपासून 21 दिवस मिळतात, आणि आपल्याकडे सामाईक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, अर्धे चाकरमानी, दोघं-तिघं वारलेले आणि वारसनोंद नाही, त्यात 21 दिवस कधी गेले कळतच नाही! आकडा पटला नाही तर जिल्हा न्यायाधीशाकडे जाता येतं हेही कित्येकांना माहीत नसतं. कुळकायदा, वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन, फेरफार हे ज्याला कळतं आणि पाइपलाइनचा कायदाही कळतो असा वकील कंपनीलाही लागतो आणि शेतकऱ्यालाही, आणि असे फार नाहीयेत.

दुसरा पाया करारांचा. गॅसच्या करारात टेक-ऑर-पे म्हणून कलम असतं, माल उचलला नाही तरी ठरलेल्या मालाचे पैसे द्यायचे. बाहेरनं गॅस आणणारी आपली पेट्रोनेट आणि तो विकणारी कतारची रासगॅस यांच्यात यावरच पेच झाला होता, बाजारात गॅस स्वस्त झाला, पेट्रोनेटने कमी उचलला, शेवटी 2015 ला भावाचा फॉर्म्युलाच नवा लिहिला आणि दंड सोडला गेला. कोर्टात न जाता टेबलावर सुटलं ते. आणि 2003 चा ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स हा सुप्रीम कोर्टाचा निकाल नीट वाच, युरोपात स्टीलवाल्यांचा संप, म्हणून पाइप उशिरा, म्हणून ओएनजीसीने पैसे कापले, एवढ्याशा भांडणातनं देशभरातल्या लवादाच्या निवाड्यांवर परिणाम झाला. रेव्हेन्यू शेअरिंगच्या (तेल-गॅसच्या उत्पन्नात सरकारचा वाटा ठरवणाऱ्या) मॉडेल कराराचा मसुदा केंद्राच्या हायड्रोकार्बन महासंचालनालयाच्या साइटवर फुकट आहे, क्लासला पैसे भरण्याआधी तो एकदा अथपासून इतिपर्यंत वाच, कंटाळा आला तर हे काम तुझं नाही.

लगेच एलएलएम करू नकोस, माझं स्पष्ट मत आहे. आधी चार-पाच वर्षं मुंबईला लवादाचं काम करणाऱ्या सिनियरकडे घाल, पगार कमी मिळेल, पुरावा आणि उलटतपासणी शिकशील. सरकारी कंपनीत जायचं असेल तर काही कंपन्या क्लॅट पीजीच्या (एलएलएमच्या प्रवेशपरीक्षेच्या) मार्कांवर लॉ ऑफिसर घेतात, तेही बघून ठेव. म्हणजे हो, सुरवातीला कोकण सोडायलाच लागेल. नंतर परत येता येतं.

बॅटरीच्या गाड्यांचं म्हणशील तर मुंबईजवळच्या समुद्रातल्या बॉम्बे हायमधनं 1976 पासून तेल निघतंय, ते प्लॅटफॉर्म कधीतरी काढायचे आहेत, विहिरी बुजवायच्या आहेत, त्याचा खर्च कोणाच्या माथी हे वकीलच भांडणार. समुद्रात उद्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या तरी लीज, केबल, विमा, लवाद हेच.

एक मात्र आत्ताच ठरव. नाणार-बारसूच्या रिफायनरीविरोधी आंदोलनानंतर आपल्याकडे कंपनीचा वकील म्हटलं की वाडीत लोक बोलायचे थांबतात. कंपनीचं काम करण्यात गैर काही नाही, पण ज्या गटनंबरात तुझ्या घरच्यांचा हिस्सा आहे ते वकीलपत्र घ्यायचंच नाही, नियमातही बसत नाही आणि गावातही.

प्रश्न : माझं वय 36, उरणला राहतो, ऑफशोअरला रिगवर काम करतो. आता लॉ केलं तर चालेल का?

उत्तर : चालेल. आपल्या तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीला वरची वयाची अट नाहीये. अडचण हजेरीची, हा कोर्स घरबसल्या होत नाही आणि तुम्ही अर्धा महिना समुद्रात, त्यामुळे नोकरी सोडायची की किनाऱ्यावरची पोस्टिंग मागायची हे आधी घरात बसून ठरवा. ड्रिलिंग रिपोर्ट वाचता येणारा वकील लवादात सोन्यासारखा, तेव्हा जमत असेल तर करा. सीईटीचा फॉर्म मात्र मुदतीत भरा, रिगवर नेट नव्हतं हे कारण कोणी ऐकत नाही.