टेन्शन आलं की सिगारेट लागते, ही जनुकांची करणी असते का?

तुम्ही लिहिलंय की हिंजवडीत नोकरी करता आणि सॉफ्टवेअरचा रिलीज जवळ आला की दिवसाच्या चार सिगारेटींच्या बारा होतात. वडिलांचंही असंच होतं. ताणाच्या हार्मोनच्या रिसेप्टरमधल्या (ते हार्मोन जिथे चिकटतं त्या प्रथिनातल्या) जनुकीय फरकामुळे हे होतं असं कुठेतरी वाचलंत, म्हणून जनुकीय चाचणी करावी का, असं विचारताय.

चाचणीचे पैसे वाचवा, हे आधीच सांगून टाकतो. मी पुण्यातच एका कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवतो आणि अकरा वर्षं स्वतः ओढत होतो.

ताण आला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरीला निरोप जातो, तिच्याकडून मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना. मग त्या कॉर्टिसॉल, म्हणजे तुम्ही म्हणता ते ताणाचं हार्मोन, सोडतात. आता सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा. पाणी चढलं की फ्लोट वर येतो आणि मोटार बंद होते. कॉर्टिसॉलच्या बाबतीत फ्लोटचं काम त्याचे रिसेप्टर करतात. ते पेशीच्या आत असतात. कॉर्टिसॉल त्यांना चिकटलं की ती जोडी केंद्रकात शिरते आणि काही जनुकं चालू करते, काही बंद. मोटार थांबवण्याचा हुकूमही असाच सुटतो.

कॉर्टिसॉलच्या या रिसेप्टरचं (त्याला ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर म्हणतात) जनुक पाचव्या गुणसूत्रावर आहे आणि त्यात माणसागणिक बारीक फरक असतात. एका फरकात ३६३ व्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं आणि रिसेप्टर जरा जास्त संवेदनशील होतो. दुसऱ्या एका फरकात (२२-२३ व्या जागेचा) तो थोडा मंद होतो. म्हणजे कुणाचा फ्लोट हलका, कुणाचा गंजलेला. कॉर्टिसॉल मेंदूतल्या डोपामिनच्या (हवंहवंसं वाटायला लावणाऱ्या रसायनाच्या) वाटांवरही काम करतं आणि निकोटिनचा खेळही तिथलाच, म्हणून ओढणाऱ्यांत आणि न ओढणाऱ्यांत हे फरक तपासून पाहावेसे वाटणं साहजिक होतं. काही अभ्यासांत संबंध दिसला. पण एकेक जनुक निवडून, थोड्या माणसांवर केलेल्या अशा अभ्यासांचे निकाल दुसरीकडे टिकत नाहीत, हे त्यांचं जुनं दुखणं आहे.

ज्याचा हात पक्का सापडलाय ते जनुक पंधराव्या गुणसूत्रावरचं, आणि ते निकोटिनच्याच रिसेप्टरचं. २००८ पासून ते पुन्हा पुन्हा पुढे आलंय. त्यातल्या फरकाची एक प्रत असली तर ओढणाऱ्याची दिवसाला सरासरी एक सिगारेट वाढते. एक! तुमच्या रिलीजच्या आठवड्यातल्या आठ जादा सिगारेटी त्यात बसत नाहीत. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याच्या आसपास निघतो खरा, पण तो शेकडो ठिकाणी चिमूट-चिमूट विखुरलेला आहे. शिवाय वडिलांकडून नुसती जनुकं येत नाहीत, संध्याकाळी टपरीवर उभं राहणंही येतं.

मला खरी गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. निकोटिन स्वतःच ती मोटार चालू करतं. सिगारेटनंतर कॉर्टिसॉल वाढतं, आणि ओढणाऱ्यांचं ते एरवीही न ओढणाऱ्यांपेक्षा जास्तच आढळतं. मग बरं का वाटतं? रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. तुमची मीटिंग दोन तास चालते, हात शिवशिवायला लागतात, चिडचिड होते आणि तुम्ही त्याला रिलीजचं टेन्शन म्हणता. खाली उतरून दोन झुरके घेतले की ती तलफ भागते. रिलीज जिथल्या तिथेच असतो. मी पेपर तपासताना वर्षानुवर्षं हेच केलं आणि दोष पोरांच्या अक्षराला दिला. सोडल्यावर पहिले काही आठवडे मात्र वाईट गेले, ते नाकारत नाही. नंतर ताण आणि चिंता उलट कमी होतात, असं २०१४ मध्ये बऱ्याच अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून दिसलं होतं.

चाचणीऐवजी आठवडाभर एकच नोंद ठेवा: सकाळी उठल्यापासून पहिली सिगारेट किती मिनिटांनी पेटते. अर्ध्या तासाच्या आत असेल तर शरीर चांगलंच गुंतलंय, मग नुसत्या निश्चयावर विसंबू नका. डॉक्टरांना भेटून निकोटिन गम किंवा व्हॅरेनिक्लिन या सिगारेट सोडवणाऱ्या गोळीबद्दल विचारा. तासाभरानंतर पेटत असेल, तर आधी १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्विटलाइनला फोन करून बघा. आणि रिलीजच्या आठवड्यात चहा वरच मागवा, टपरीवर उतरू नका.