लहान मुलं आणि शेजारधर्म

प्रश्न : ताई, मला दोन मुलं, मोठी पाच वर्षांची आणि धाकटा दोनचा. शेजारी एक आजी एकट्या राहतात, त्यांना मदत करावीशी खूप वाटते पण या दोघांना घेऊन जायचं म्हणजे मदत कमी आणि पसाराच जास्त. मोठी तर आता विचारते, केलं तर मला काय मिळेल? काय करू?

उत्तर : अगं, पसारा होणारच, तो धरूनच चाल. दोन वर्षांचं पोर मदत करू शकत नाही असं आपल्याला वाटतं खरं, पण वॉर्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं की दीड वर्षाची मुलंसुद्धा अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू आपणहून उचलून देतात, कुणी सांगायला लागत नाही. त्यामुळे धाकट्याला एकच काम दे, आजींचा चष्मा आणून देणं वगैरे, आणि वीस मिनिटांत घरी परत, कंटाळायच्या आधीच!

मोठीच्या प्रश्नाचं म्हणशील तर बक्षीस देऊ नकोस. त्याच दोघांच्या 2008 च्या प्रयोगात मदतीबद्दल खेळणं मिळालेली वीस महिन्यांची मुलं नंतर कमी मदत करायला लागली, नुसतं कौतुक झालेल्यांचं तसं झालं नाही. (माझ्या लेकीला मी स्टिकर द्यायचे, नंतर ती स्टिकरशिवाय हलेचना.) तिला म्हणावं, आजींनाच विचार आज काय हवंय. आणि हो, आजींना आधी फोन करून जा, त्यांनाही रोज दंगा झेपेलच असं नाही.