देव कामाच्या आड येत नाही

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सकाळची प्रार्थना नीट होते, पण कामाला लागलं की दिवसभर देवाची आठवणही राहत नाही, असं तू लिहितेस. आणि विचारतेस, या धबडग्यातून सुटका झाली तर जमेल का? मला नाही वाटत. रिकामं मन जास्त भटकतं, हे तू सुट्टीच्या दिवशी पाहिलंच असशील.

'देव जाणवत नाही' हे तू पुन्हा पुन्हा लिहिलं आहेस. जाणवणं म्हणजे नेमकं काय धरून चालली आहेस? डोळे भरून येणं, आत एकदम शांत वाटणं? ते येतं, जातं. रात्री झोप झाली नसेल तर बहुधा येतच नाही. तेवढ्यावरून देव आहे की नाही, हे कसं ठरवायचं? तू त्याला शोधत नाहीस, एका मनःस्थितीला शोधते आहेस. ती काल होती म्हणून आज हवी, आणि आज नाही म्हणून उद्याची वाट बघायची. यात आजचा दिवस फुकट जातो.

जनाबाईचं आपण लहानपणापासून इतकं ऐकतो की तिचं दळण-कांडण गोड वाटायला लागतं. ते गोड नव्हतं. ती नामदेवांच्या घरची दासी. दळण झालं की कांडण, मग शेण गोळा करायला जायचं. तिच्या अभंगांत देव येतो तो तिला या कामातून उचलून नेण्यासाठी नव्हे. तो तिच्याबरोबर दळायला बसतो. मला यात भक्तीइतकाच रोखठोकपणा दिसतो: यायचं तर इथे ये, मला दुसरीकडे वेळ नाही.

सतराव्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेलाइट या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधक होता. त्याच्या वाट्याला मठाचं स्वयंपाकघर आलं, आणि हे काम त्याला मुळीच आवडत नसे. तरी वर्षानुवर्षं तो तिथेच राबला. भांड्यांचा आवाज, एकाच वेळी चार जणांच्या चार मागण्या, अशा गडबडीतही देव प्रार्थनेच्या वेळेइतकाच जवळ असतो, असं तो सांगे. १६९१ मध्ये तो गेला. त्याची मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. लक्ष उडालं की तो स्वतःला कोसत बसत नसे. चुकलं म्हणायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. तू मात्र लक्ष उडाल्याचं दुःख करण्यातच अर्धा दिवस घालवतेस.

मग करायचं काय? काम हातात घेताना क्षणभर थांब, मनात 'हे तुझं' म्हण, आणि मग सगळं लक्ष त्या कामात घाल. देवाच्या विचारात नव्हे, कामात. हिशेब करताना देव आठवत बसलीस तर हिशेब चुकेल आणि निस्तरायला दुसऱ्या कुणाला लागेल. गीतेच्या आठव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला स्मरण कर आणि लढ, असं एकाच दमात सांगतो. लढाई आटोपल्यावर स्मरण कर, असं नाही. उद्याची आखणी करायची असेल तर तीही कर. आखणी हे त्या वेळचं कामच आहे. नुसती उद्याची धास्ती घेत बसणं हे काम नव्हे.

यात सगळ्यांत अवघड जातात ती माणसं. ऐन कामात येऊन तेच ते विचारणारा तो सहकारी, ज्याच्याबद्दल तू पानभर लिहिलं आहेस. तुझ्या मते तो तुझ्या साधनेत अडथळा आहे. पण त्या मिनिटाला तुझ्यासमोर दुसरं कोण आहे? तोच. त्याच्याकडे बघून, मान वर करून उत्तर दे. दोन मिनिटं जातील. नंतर बोलू म्हणायचं असेल तर तेही नीट म्हण.

एक सावधगिरी मात्र बाळग. आहे त्या क्षणी देव आहे, याचा अर्थ आहे ते सगळं बरोबर आहे, असा काढू नकोस. चोखामेळ्याला देवळाच्या दाराबाहेर ठेवलं गेलं. त्याची भक्ती तसूभर कमी झाली नाही, पण त्याच्या कितीतरी अभंगांत देवालाच सरळ जाब विचारलेला आहे. कुणी तुझ्यावर अन्याय करत असेल तर त्या क्षणी बोलणं हेच तुझं काम. राग आला तर तो दडपून देवासमोर हसरा चेहरा घेऊन बसू नकोस. राग घेऊनच बस.

सकाळची बैठक सोडू नकोस. दिवसाच्या गडबडीत जे आठवायचं त्याची ओळख तिथेच होते. फक्त ती चांगली झाली की वाईट, याची नोंद ठेवणं बंद कर. पुढच्या पत्रात तुझ्या अनुभवांबद्दल नाही लिहिलंस तरी चालेल. त्या सहकाऱ्याशी कसं चाललं आहे, ते लिही.

तुझा,
काका