दोन कॉलच्या मधली मिनिटे

प्रश्न : मी ३१ वर्षांची असून इंदिरानगरमधील घरातून व्हिडिओ कॉलवर भारतीय सांकेतिक भाषेची दुभाषी म्हणून काम करते. माझे आईवडील कर्णबधिर आहेत. कंपनी फक्त जोडलेल्या मिनिटांचे पैसे देते, त्यामुळे एक कॉल संपला की लगेच दुसरा घ्यावा लागतो. गेल्या महिन्यात एका रुग्णाला कर्करोगाचे निदान मीच खुणांनी सांगितले आणि पुढच्याच कॉलवर कर्जाचे हप्ते समजावले. मनगट दुखते, रात्री बोटांना मुंग्या येतात. सासूबाई म्हणतात, “घरात बसून हातवारे करायचे, त्यात दमायला काय झालं?” रविवारी बाबांनी पेन्शनसाठी बँकेत फोन लावायला सांगितला, तर मी त्यांच्यावर खेकसले. काम सोडावे, तर आपल्याच माणसांकडे पाठ फिरवल्यासारखे वाटते.
– एक दुभाषी, नाशिक

उत्तर : आधी मुंग्यांचे बोलू. रात्री बोटांना मुंग्या येणे हे मनगटातील नस दबल्याचे लक्षण असू शकते, तेव्हा बाम चोळत दिवस काढू नका आणि याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना हात दाखवा. हात कॅमेऱ्याच्या चौकटीत राहावेत म्हणून कोपरे अंगाशी धरून तासन्‌तास छातीसमोर खुणा कराव्या लागतात, हे त्यांना प्रत्यक्ष करून दाखवा. ‘कॉम्प्युटरचे काम’ एवढेच सांगितलेत, तर तुमच्या दुखण्याचे मूळ त्यांच्या लक्षात येणार नाही.

थकव्याचा दोष तुम्ही स्वतःच्या स्वभावाला दिला आहे. मला तो कामाच्या रचनेत दिसतो. कानावर येणारे वाक्य लक्षात ठेवत आधीचे वाक्य हातांनी, भुवयांनी आणि चेहऱ्याने सांगायचे, त्यात पलीकडचे नेट अडखळले की पुसट झालेली खूण संदर्भाने जुळवायची, आणि ‘मी’ म्हणत परक्याचे दुःख स्वतःच्या तोंडून बोलायचे, हे सलग होण्यासारखे काम नाही. प्रत्यक्ष कार्यक्रमात म्हणूनच दोन दुभाषी असतात आणि साधारण वीस मिनिटांनी ते एकमेकांची जागा घेतात. जिनिव्हातील संशोधकांनी १९९८ मध्ये बोलभाषेच्या दुभाष्यांची पाहणी केली, तेव्हा अर्ध्या तासानंतर अर्थाच्या चुका वाढत गेल्या आणि दुभाष्यांना स्वतःला ही घसरण नीटशी जाणवलीही नाही. तुम्हाला अपराधी वाटते त्यावर माझे उत्तर हेच आहे. विश्रांतीवाचून घेतलेल्या कॉलवर औषधाची मात्रा चुकीची पोचली, तर त्याची किंमत तुमच्या बाबांसारखाच कोणीतरी मोजेल, आणि चूक झाली हे त्या वेळी दोघांपैकी कोणालाच कळणार नाही.

म्हणून कंपनीकडे दया मागू नका, दर्जाची भाषा बोला. दर तासाला ठरावीक मोकळी मिनिटे आणि त्यांचाही मोबदला, रुग्णालय किंवा पोलिसांच्या कॉलनंतर लगेच पुढचा कॉल न जोडणे, आणि लांबणाऱ्या कॉलसाठी दुसरा दुभाषी, एवढ्या गोष्टी लेखी मागा. शक्य असेल तर दोघाचौघा सहकाऱ्यांच्या सह्यांनी मागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यामुळे संस्थांवर सुगम संवादाची जबाबदारी आली आहे, पण शिकलेले दुभाषी अजून मोजकेच आहेत. तुमच्या जागी उद्या सकाळी दुसरे कोणी बसवता येणार नाही, हे व्यवस्थापन चांगलेच जाणून असते.

कॉलमधले काही घरी सांगता येत नाही, हे पत्रात तुम्ही लिहिलेले नाही, पण ओळींमधून जाणवते. गोपनीयता त्या रुग्णाच्या माहितीची आहे. तुम्हाला काय वाटले ते एखाद्या अनुभवी दुभाषी मैत्रिणीशी, ओळख पटेल असा कोणताही तपशील न देता, अवश्य बोला. तरीही झोप उडालेली राहिली, तर समुपदेशकाकडे जाण्यात संकोच करू नका.

सासूबाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही. संध्याकाळी बातम्या लागल्या, की निवेदिकेच्या मागोमाग, चार शब्दांचे अंतर ठेवून, तीच वाक्ये मोठ्याने म्हणून पाहायला त्यांना सांगा. हा दुभाष्यांचा सरावच आहे, आणि दहा मिनिटांत त्या पाणी मागतील असा माझा अंदाज आहे. (यजमानांनाही बसवा, घरात न्याय सारखा असावा.)

बाबांची माफी मागा आणि कारणही सांगा. लहानपणापासून त्यांचे फोन तुम्हीच लावत आलात, त्यामुळे तुमच्या नोकरीत आणि या फोनमध्ये त्यांना फरक वाटत नसेल. पेन्शनच्या कामासाठी सोमवार ते शुक्रवारपैकी एक दिवस ठरवा, आणि रविवार दोघांनी मोकळा ठेवा. बँकेला लेखी अर्ज देऊन जे काम होते, ते फोनवर करण्याचीही गरज नाही.

काम सोडण्याचा निर्णय मात्र हात दुखत असताना घेऊ नका. कंपनीला पत्र देऊन महिनाभर वाट पाहा. काहीच हालले नाही, तर तास निम्मे करा आणि नाशिकमध्ये समोरासमोरची कामे मिळतात का ते विचारायला लागा. राजीनामा लिहिण्याआधी करारातील नोटिशीची मुदत आणि थकीत मिनिटांच्या पैशांबद्दलचे कलम एखाद्या वकिलाकडून वाचून घ्या.